वीस गोड, एक मिठाचा

गेल्या रविवारी परदेशातून आलेल्या व्हिडिओ कॉलवर धाकटी म्हणाली, "आजी, शाळेत एक संख्या निवडायला सांगितलीय. एकच. आणि तिच्याबद्दल सगळं लिहायचं." थोरला मागून म्हणाला, "शून्य घे, ते आपलं आहे." मी म्हटलं, शून्य वर्गातले निम्मे घेतील, तू एकवीस घे. धाकटीने तोंड वाकडं केलं. "एकवीसमध्ये काय आहे?" मी सांगायला सुरुवात केली, आणि इथे पेणला आमचं नेट गेलं ते संध्याकाळपर्यंत आलं नाही. म्हणून लिहायला बसले. शाळेपुरतं हवं तेवढं यातून उचला. बाकीचं तुमच्यासाठी आहे, कारण त्यात आपल्या रोह्याच्या घराची गोष्ट आहे आणि ती तुम्हांला अजून कोणी नीट सांगितलेली नाही.

आधी सोपं. ल्युडोचा फासा घ्या. एकापासून सहापर्यंतचे सगळे ठिपके मिळवले की एकवीस होतात. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात, आणि अशा जोड्या तीन, म्हणून तीन साते एकवीस. मी ताटात मोदक मांडते तेही तसेच, खाली सहा, त्यावर पाच, मग चार, तीन, दोन, एक. छान त्रिकोण होतो. अशा संख्यांना त्रिकोणी संख्या म्हणतात. माझ्या सासूबाई गोल मांडायच्या. मी लग्न होऊन आल्यावर त्रिकोण केला तेव्हा त्या म्हणाल्या, "इंग्रजी शाळेत शिकलेली सून आणली की नैवेद्याला कोपरे फुटतात." पण मोडला नाही. पुढच्या वर्षी शेजारणीला बोलावून दाखवला.

गणपतीला एकवीसच मोदक का, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मला कारणं लागतात. त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, पाच महाभूतं. झाले वीस. आणि एकविसावं मन. मी विचारलं, मग मनाचा मोदक कुठला? त्या म्हणाल्या, "मिठाचा."

ही आपल्या घरची रीत. नैवेद्याच्या एकवीस मोदकांत वीस गोड आणि एक मिठाचा. त्याच्या सारणात गूळ नाही, नुसतं ओलं खोबरं आणि चांगली दोन चिमटी मीठ. मीठही पिशवीतलं नाही, खाडीकडच्या मिठागरातलं. रामवाडीहून एक बाई अजून दारावर आणते. "बाय, औंदा मीठ पांढरं हाय गो, बघ तरी," म्हणते आणि मी बघेपर्यंत माप ओतून मोकळी होते. बाहेरून मिठाचा मोदक इतर मोदकांसारखाच. तो करताना करणारीने बोलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, आणि इतरांनी त्याबद्दल विचारायचं नाही. ज्याच्या वाट्याला तो येईल, त्याच्या घरी पुढच्या वर्षी गणपती.

सासूबाईंनी ही रीत का घातली ते उघड आहे. दोन मुलगे, एक पेणला आणि एक रोह्याला, आणि मूर्ती एकच. कोणाकडे बसवायची यावरून भावाभावांत वाद नको. मधली मुलगी, म्हणजे तुमच्या आजोबांची बहीण, कोलाडला दिलेली. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांच्यासाठी वेगळं कलम होतं, लेकीच्या दाताखाली मीठ आलं तर ती सांगेल त्या घरी. वन्सं हे कलम फार मजेत वापरायच्या. "बघा हं, यंदा माझी साडी कोण घेतं त्यावर आहे."

आता गेल्या भाद्रपदाकडे येते.

तुमच्या रोह्याच्या आजोबांना, म्हणजे माझ्या दिरांना, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते कंपनीत शिफ्टला जायचे, आणि रात्रपाळी नसेल तेव्हा संध्याकाळी नदीच्या बाजूच्या ओट्यावर बसायचे. ते गेल्यावर रोह्याच्या आजीला, म्हणजे माझ्या जावेला, तिच्या मुलाने पुण्याला फ्लॅटवर नेलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आई एकटी, घर नदीजवळ, पावसाळ्यात पाणी कुठवर येईल सांगता येत नाही. रोह्याच्या घराला कुलूप लागलं. जावेने किल्ली मात्र पर्समध्येच ठेवली. फ्लॅटवर भेटायला गेले की मी पाहायची, ती पर्समधून रुमाल काढताना आधी किल्ली काढून मांडीवर ठेवायची आणि मग रुमाल शोधायची.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. तुमचा पुण्याचा काका, काकू आणि त्यांची मुलगी, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. वन्संही कोलाडहून आल्या. तुमचे आजोबा आणि पोर मूर्ती आणायला कारखान्यात गेले. आपली मूर्ती एक वीत उंचीची असते, हे तुम्हांला माहीत आहे. मूर्तिकार आता सगळ्यांना इंचांत विचारतो, आजोबा मात्र हात पसरून दाखवतात. ही वीत पट्टीने मोजली तर एकवीस सेंटिमीटर भरते, ते मी नंतर सांगते.

रात्री जेवणं झाल्यावर काकाने विषय काढला. रोह्याच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. दिवाळीनंतर व्यवहार करायचा विचार होता.

"आईशी बोललास?" आजोबांनी विचारलं.

"बोललो की. ती म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर."

जाऊ शेजारी बसून नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला नाही. तिच्या "तुला योग्य वाटेल ते कर" चा अर्थ मला चाळीस वर्षं माहीत आहे. झोपायच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला जायचंय ना रोह्याला?"

ती म्हणाली, "ताई, मला तिथं राहायचंय. बघायला जायचं नाहीये."

"मग सांग त्याला."

"सांगितलं तर तो काळजीत पडेल, आणि मग मी त्याच्या काळजीपायी गप्प बसेन. तेच आता बसलेय." मग हळूच म्हणाली, "गणपती रोह्याला आला तर वेगळं. मग वर्षभर घर विकता यायचं नाही. साफसफाई, रंग, सगळं करायला मला आधीपासून जाऊन राहावं लागेल. एकदा राहून दाखवलं की त्याला पण दिसेल मी राहू शकते ते."

"मग मागून घे गणपती. आम्ही देतो."

"मागून घेतलेला काय प्रसाद असतो?"

मी झोपायला गेले, पण डोक्यात हिशेब चालू. सात माणसं, प्रत्येकी तीन मोदक. जावेच्या तीन मोदकांत मिठाचा असण्याची शक्यता सातात एक. वन्संच्या वाट्याला आला आणि त्यांनी रोह्याला दिला तर सातात दोन. आमच्या दोघांच्या वाट्याला आला तर पेणला, मुलगा, सून किंवा नातीच्या वाट्याला आला तर पुण्याच्या फ्लॅटला. मी वर्गात मुलांना शिकवायची, नाणं कोणाचं ऐकत नाही. पण स्वतःच्या माणसाचं काही त्या नाण्यावर लागलं असलं की सातात एक ही फार लहान संख्या वाटते.

सकाळी आम्ही दोघी उकड मळायला बसलो. खाण्यासाठीचे मोदक वेगळे, नैवेद्याचे वेगळे. नैवेद्याचे मी वळते. जाऊ पाकळ्या काढते, तिच्या बोटांना माझ्यापेक्षा दोन पाकळ्या जास्त येतात. मधेच मी गप्प झाले आणि तिच्याकडे पाठ करून मिठाचा वळला. तिने रीतीप्रमाणे खिडकीबाहेर पाहिलं. मोदक मोजून एकवीस झाल्यावर मी गुरुजींना चहा द्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हा मोदकपात्र गॅसवर चढलेलं. उकडून आल्यावर ताटात त्रिकोण मांडला, पुन्हा मोजले, एकवीस. मी मोजणारी बाई आहे, मोजणीत काही चूक नव्हती.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, पानं मांडली. वाटायचं काम घरातल्या सगळ्यांत लहानाचं, तेही डोळे मिटून. पोरीने दुपट्टा डोळ्यांना बांधून घेतला आणि प्रत्येकाच्या पानात तीन-तीन ठेवत गेली. आजोबा म्हणाले, "तुझ्या पेणच्या आजीला विचार, आत्ता कोणाला मिळण्याची शक्यता किती."

"सगळ्यांना सारखी," मी म्हटलं.

"बघ, एवढं शिकून शेवटी हेच सांगते."

आम्ही तूप घातलं आणि मोदक फोडायला लागलो. मी माझे तिन्ही आधी खाल्ले, तिन्ही गोड. आजोबांचे गोड. वन्संनी दोन खाल्ले, तिसरा फोडून नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "गूळच आहे हो. यंदा साडीचा योग नाही." काकू, म्हणजे जावेची सून, तिचेही गोड. जाऊ अगदी सावकाश खात होती. तिचा तिसरा मोदक अर्धा झाला तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, एवढीशी. गोड.

राहिले बाप-लेक. काकाच्या पानातलं संपलेलं होतं आणि तो पाणी पीत होता, भरपूर. पोरीचा शेवटचा मोदक उरला होता. तिने एक घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"खारट. मला आला. आजी, मला आला."

"शक्यच नाही," काका म्हणाला. "माझ्यात होता तो."

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. त्याने तांब्या खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाला होता.

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे तू खाल्लास? आणि बोलला नाहीस?"

"आत्या, फ्लॅटमध्ये कुठे गणपती... आम्हां दोघांनाही सुट्ट्या नाहीत. म्हटलं, गप्प बसावं, मग तुम्ही पेणलाच कराल."

"मिठाचा मोदक गिळलास," वन्सं म्हणाल्या. "अख्खा. आमच्या घराण्यात हे कोणी केलं नव्हतं. पाणी पी अजून."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण माझं डोकं दुसरीकडेच. एक मिठाचा मी केला होता, मग दुसरा आला कुठून? मी जावेकडे पाहिलं. ती पानातल्या वरणात बोट फिरवत होती.

"ताई, मला वाटलं तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "मिठाची बरणी घट्ट लावलेली होती, वर धूळ होती. विचारायचं तर बोलायचं नाही अशी रीत. म्हणून तुम्ही बाहेर गेल्यावर एक मी केला. आणि मोजणी चुकू नये म्हणून एक गोड काढून ठेवला."

मीठ मी आदल्या दिवशीच वाटीत काढून ठेवलं होतं. हे तिला सांगायचं तर मलाही बोलता येत नव्हतं. सासूबाईंनी घातलेल्या त्या मौनाने आम्हां दोघींनाही बरोबर पकडलं. त्या वर्षी बाप्पाला दोन मनं आणि एकोणीस इंद्रियं मिळाली.

आजोबा डोळे पुसत म्हणाले, "विसरली म्हणून केलास, की संधी दुप्पट करायला?"

"मला कुठं गणित येतं, भावजी."

दुप्पट होत नाही, दुप्पटीला जराशी कमी पडते, हे मी नंतर कागदावर मांडून पाहिलं.  अजूनही मी तिला विचारलेलं नाही.

आता प्रश्न उरला गणपती कुठे. दोन्ही मोदक पुण्याच्याच माणसांकडे, म्हणजे रीतीप्रमाणे फ्लॅटवर. काका मला म्हणाला, "काकू, पेणलाच करा. आम्ही येतो." जावेने पान उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात वन्संनी तिचा हात धरून खाली बसवलं.

"थांब गो. उठायची घाई करू नकोस. ज्याने लपवला त्याचा हक्क गेला. आणि दुसरा कोणाला आला? लेकीला. लेकीच्या दाताखाली आला तर लेक सांगेल तिथे. आईने घातलेली रीत आहे, मी आयुष्यभर वापरली. आता हिची पाळी." आणि पोरीला म्हणाल्या, "सांग गं, बाप्पा पुढच्या वर्षी कुठे?"

पोरीने विचारही केला नाही. "रोह्याच्या आजीकडे. आणि मे महिन्यात पण. पूर्ण मे महिना."

हे मे महिन्याचं काय, ते तुम्हांला सांगायला हवं. त्याच उन्हाळ्यात जाऊ पोरीला घेऊन रोह्याला कुलूप उघडून राहिली होती, थोडे दिवस. शेजारच्या घरी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. अंडी कोंबडीने वेगवेगळ्या दिवशी घातलेली असतात, पण ती सगळी नुसती पडून राहतात. कोंबडी बसून ऊब द्यायला लागली की मगच सगळ्यांची मोजणी सुरू होते, आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला पिल्लं एकत्रच बाहेर येतात. पोरगी रोज विचारायला जायची, अजून किती राहिले. पिल्लं फुटायच्या दोनच दिवस आधी काकाने गाडी पाठवली, पोरीचा कसलासा कॅम्प होता. ती परतीच्या वाटेवर नागोठण्यापर्यंत रडत होती. हे सगळं काकाला ठाऊक होतं. तो पोरीकडे पाहत राहिला, मग आईकडे.

"आई, तुला खरंच तिथे राहायचंय?"

"मी कधी नाही म्हटलं?"

"तू हो पण नाही म्हटलंस."

"आता म्हणते," जाऊ म्हणाली. पर्स तिथे नव्हती, नाहीतर तिने किल्ली काढून पानाशेजारी ठेवली असती, एवढी मी तिला ओळखते.

काका लगेच तयार झाला असं समजू नका. दिवाळीपर्यंत त्याने बरेच पण-परंतु काढले. पूर आला तर, पाय घसरला तर, रात्री कोण. जावेने एकेकाचं उत्तर दिलं. पुराचं पाणी ओट्याच्या वर कधी चढलेलं नाही, पण पावसाळ्यातले वाईट आठवडे ती आमच्याकडे पेणला येईल. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यावी. रात्रीसाठी शेजारची कोंबडीवाली बाई, तिच्या घराची भिंत हिच्या भिंतीला लागूनच. शेवटी त्याने गिऱ्हाइकाला नकार कळवला. पाडव्याला ती रोह्याला राहायला गेली. दांडी काकाने स्वतः येऊन बसवली, जरा तिरकी बसली आहे, पण पक्की आहे.

आता राहिलेलं शाळेसाठी. त्या एकवीस सेंटिमीटरचं. विश्वात सगळ्यांत जास्त असलेला वायू म्हणजे हायड्रोजन. तो आकाशगंगेत सगळीकडे पसरलेला आहे, पण अंधारात असतो, दुर्बिणीतून दिसत नाही. मात्र तो एक फार मंद रेडिओ लहर सोडतो, तिची लांबी सुमारे एकवीस सेंटिमीटर. धुळीच्या ढगांतूनही ती आरपार येते. आपल्याकडे घाटावर शेतांच्या मधोमध मोठाल्या तबकड्या उभ्या आहेत, त्या असल्या लहरी ऐकतात. आकाशगंगेचा आकार माणसाला असा कळला, साधारण एका वितीच्या लहरीवरून. मी हे आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग माझं माप बरोबर होतं. मूर्तिकाराला सांगतो."

आणि एक, माझ्या आवडीचं. लहान चौरस जोडून एक मोठा चौरस भरायचा, मधे फट नको, एकावर एक नको, आणि एकही चौरस दुसऱ्याच्या मापाचा नको. हे करायला कमीत कमी एकवीस चौरस लागतात. विसांत ते जमत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. कागद कापून करून पाहू नका, संगणकालाही ते शोधायला बराच वेळ लागला होता. चित्र मिळतं, ते बघा. मला ते पाहिलं की आपली पंगत आठवते, कोणाचंच माप कोणासारखं नाही.

काल रोह्याहून फोन आला होता. मे महिन्याचा पहिला दिवस धरून जावेने शेजारच्या बाईकडून कोंबडी बसवून घेतली होती, पोरीच्या सुट्टीच्या मधोमध दिवस भरतील अशी. पोर तेव्हापासून तिथेच आहे. फोनवर मागून चिवचिव ऐकू येत होती आणि पोरगी जावेला दटावत होती, "आजी, हळू बोल, ती घाबरतात." जाऊ हळू बोलायला लागली. ओट्याला रंग देऊन झाला, मखर काकाच बांधणार, ही त्याची शिक्षा वन्संनी आधीच ठरवली आहे.

मग तिने विचारलं, यंदा परदेशातली चौघं गणपतीला येणार हे नक्की ना? मी म्हटलं, तिकिटं काढलीत. तिने माणसं मोजली. मग म्हणाली, "ताई, सात आणि चार अकरा. एकवीसला अकराने भाग जातो का?"

नाही जात. दोन-दोन वाटले तर एक कमी पडतो. मी तिला सांगितलं, मी एकच घेईन. ती म्हणाली, "मीही एकच घेते, मग एक उरेल." तर तो उरलेला कोणाला द्यायचा हे तुम्ही दोघांनी येताना ठरवून या. यंदा वाटायचं काम धाकटीचं आहे, सगळ्यांत लहान तीच. डोळ्यांना बांधायचा दुपट्टा रोह्याच्या आजीने धुऊन ठेवला आहे.